पंचमीचं तंबिट

"पेशंटनं घरात कच्चं पीठ वगैरे खाल्लं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

शिवांजलीनं चटकन नजर खाली वळवली. शेजारी बसलेल्या साळूआत्तीनं मात्र हात झटकला. "कच्चं पीठ खायला आमी काय जनावरं हाय व्हय? ह्यो ढाब्याचा परताप हाय. त्यो आकाराम घेऊन गेलता त्येला."

सांगलीच्या दवाखान्यात विश्वजीतचा तिसरा दिवस होता. सुट्टीवर आलेला फौजी गडी. आधी रक्ताची हगवण, आता सकाळपासून लघवी बंद. दुखणं मूत्रपिंडावर गेलं होतं. गावानं त्याच्या मित्राला, आकारामला, धारेवर धरलं होतं. विश्वजीतनं स्वतःही ढाब्याचंच नाव घेतलं होतं.

"आकाराम त्याच ताटात जेवला आणि ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "धान्यावर शेतातूनच जंतू येऊ शकतात. दळून ते मरत नाहीत. नीट भाजलं, शिजवलं तरच मरतात."

शिवांजली पंचमीला फलटणहून कुंडलला माहेरी आली होती. आई गेल्यानंतरची पहिली पंचमी. भावाचा उपास धरून तंबिटाचे लाडू तिनं एकटीनं करायला घेतले होते. लाडवाचं पीठ आदल्या दिवशीच भाजून ठेवतात, कारण पंचमीला नागाला चटका बसतो म्हणून कुणी तवा चढवत नाही. पण आदल्या दिवशी वीज नव्हती, गिरणी बंद. पीठ हाती आलं ते सणाच्या सकाळी. मग तिनं ते तसंच गूळतुपात वळलं. चव जरा कमी येईल, एवढंच तिला वाटलं. आत्तीला विचारायची सोय नव्हती. आत्तीची जीभ म्हणजे कात्री. आईमागं पोरीला साधा लाडू येईना, ही बातमी फलटणला तिच्याआधी पोचली असती.

आता सांगितलं तर आत्ती, भावकी, सासर, सगळे तिला फाडून खाणार. नाही सांगितलं तर आकाराम आहेच. तिनं काचेतून भावाकडं पाहिलं. तोंड सुजलं होतं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

ती उभी राहिली. "डॉक्टर, मीच. लाडवाचं पीठ मी भाजलं न्हाई."

आत्तीनं तोंडाला पदर लावला.

"आणखी कुणी खाल्ले?"

"न्हाई. सगळं ह्येनं एकट्यानंच खाल्लं. मलाबी एक ठेवला न्हाई."

"सांगितलंत ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. "डायलिसिसला न्यायच्या आधी दोन मिनिटं भेटून या. पुढचं आत्ताच काही सांगता येणार नाही."

आत गेल्यावर तिला धीर धरवेना. भावाचा हात गालाला लावून ती रडू लागली. "माफ कर रं मला. त्या लाडवाचं पीठ कच्चं हुतं."

विश्वजीतनं डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते. "ठावं हाय, ताई. पयल्या घासालाच कळलं."

"मग थुकून का न्हाई टाकलास?"

"आत्ती चाखायला मागत हुती. सणादिवशी तुला रडवली असती तिनं. म्हणून सगळं मीच खाल्लं."