गब्रूचा सोमवार

"एवढ्यानं काय होतंय हो?" म्हणत मसाजींनी पुरणपोळीचा तुकडा तुपात बुडवला आणि पंगतीसमोर शेपूट हलवत बसलेल्या गब्रूकडे हात लांबवला.

राधाकृष्णरावांनी धावत येऊन तो हात वाटेतच धरला. महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्यांच्या कळमनुरीच्या घरी पंधरा पाहुणे बसले होते आणि हा त्यांनी धरलेला सातवा हात होता. गेल्या दिवाळीत पाहुण्यांनी असेच लाड केले, तर गब्रू तीन दिवस सलाइनवर होता. पुन्हा तुपाचं-गोडाचं पोटात गेलं तर कुत्रा वाचणार नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद त्यांनी दाखवला. मसाजींनी दोन्ही बाजूंनी बघून परत केला.

"डॉक्टर काय, मलाबी तूप सोडा म्हणून राहिलाय."

सकाळी गब्रूला मागच्या खोलीत कोंडलं होतं. तो रडायला लागला, तेव्हा शिरड शहापूरच्या कौशल्याबाई, "आजच्या दिवशी घरात रडणं बरं न्हाई," म्हणत स्वतः कडी काढून आल्या होत्या.

मसाजींनी हात सोडवून घेतला. गब्रूनं मान लांब केली.

"त्याचा सोमवार आहे," राधाकृष्णरावांच्या पत्नी सरलाताई म्हणाल्या. त्या तूप वाढत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"कुणाचा? कुत्र्याचा?"

"हो. औंढ्याच्या नागनाथाचा. दुखण्यातून उठल्यापासून धरलाय."

ही बातमी राधाकृष्णरावांनाही नवीन होती. कौशल्याबाईंचा हात गालावर गेला.

"अगं बाई! आन सणाचाबी सोडला न्हाई?"

"नाही सोडला."

"आन आमचा ह्यो शिवहार बघा. घोड्याएवढा झालाय, श्रावणातला एक सोमवार धरत न्हाई."

शिवहार खाली मान घालून भजी खाऊ लागला.

मसाजींनी मात्र ग्रामपंचायतीत पंधरा वर्षं काढली होती. "कुत्र्याला काय कळतंय सोमवार? थांबा, बघू खातंय का न्हाई."

तुकडा गब्रूच्या नाकापाशी गेला. गब्रूची लाळ फरशीवर पडली. राधाकृष्णरावांनी डोळे मिटले.

"द्या की," सरलाताई म्हणाल्या. "फक्त उपास कुणी मोडला, ते नागनाथाला तुम्हीच सांगा."

हात तिथंच राहिला. बोटांवरून तूप ओघळून मनगटापर्यंत आलं. मग मसाजींनी तुकडा परत आणला आणि आपल्याच तोंडात टाकला.

"एखादं केळ तरी?" कौशल्याबाईंनी हळूच विचारलं. "फराळाचं चालत असंल."

"नुसत्या पाण्यावर असतो."

"आन आमी त्याच्या म्होरं खाऊन राहिलो!" कौशल्याबाई उठल्या, ताट उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग त्यांच्या शेजारची बाई फिरली. मग शिवहार. बघता बघता अख्खी पंगत फिरली. राधाकृष्णरावांनी पुढचा सगळा आग्रह कुजबुजत केला.

मसाजी सगळ्यात शेवटी फिरले. भात कालवता कालवता त्यांनी एकदा मागं वळून बघितलं, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही याची खात्री केली आणि उष्ट्या हातानंच गब्रूला नमस्कार केला.