माय्याचा फॉन्ट

सतीश साहेबांनी नजर चुकवत पाकीट पुढे सरकवलं. "ऑफिसच्या मशीनवर खाजगी काम? ते कसलं माय्या की काय! सॉरी सूर्यकांत, या मंदीत हेड ऑफिसला एवढं निमित्त पुरतं."

नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला. पण सूर्यकांतला त्याहून झोंबला तो शब्द. माय्या! अबुधाबीतल्या त्या अख्ख्या छापखान्यात तो एका निरुपम चाकमाच्याच तोंडी होता.

निरुपम शेजारच्या टेबलावरचा, मूळचा बांगलादेशातल्या रांगामाटीचा. त्याच्या चाकमा लिपीत प्रत्येक अक्षराच्या पोटात 'आ' असतो. डोक्यावर माय्याची खूण चढली की तो गप्प होतो. कॉम्प्युटरच्या जगात मात्र त्या लिपीला अजून जागाच नव्हती. ती मिळावी म्हणून अर्जासोबत पाठवायचा फॉन्ट दोघं वर्षभर जेवणाच्या सुट्टीत घडवत होते. सूर्यकांत घरीही तेच पुराण लावायचा. अर्चनानं खुणेचं नाव परत विचारून घेतलं, तेव्हा स्वारी केवढी खुलली होती! नाहीतर तिचं एकच टुमणं: पुण्याला परत जाऊ या. आणि याचं ठरलेलं उत्तर: पुढच्या वर्षी.

ज्याच्यासाठी मर मर मेलो, त्यानंच गळा कापला. संतापून सूर्यकांतनं मशीनवरून फॉन्टचं अख्खं फोल्डर पुसून टाकलं. दुसरी प्रत नव्हती.

निरुपम डबा घेऊन आला. "दादा, माय्या का फोल्डर किधर गया?"

"खलास," सूर्यकांत म्हणाला. "जा, बता दे तेरे साहब को."

निरुपम मटकन खुर्चीत बसला. चोराला बोलायला तोंड कुठलं, असं मनाशी म्हणत सूर्यकांत निघाला. समोरच्या अर्धवट टॉवरवरची क्रेन वर्षभर हललेली नव्हती.

"बाबा, यू आर सो अर्ली!" केयानं दार उघडलं.

अर्चनानं सगळं शांतपणे ऐकलं. रडारड नाही, काही नाही. पाण्याचा ग्लास तेवढा हातात दिला.

"निरुपमनं दगा दिला गं. भावासारखा वागवला त्याला." त्यानं ग्लास खाली ठेवला. "तुझी साहेबांच्या बायकोशी एवढी गट्टी आहे ना? कुंदावहिनींशी बोलून बघ. केयाच्या शाळेचं वर्ष तरी पुरं होऊ दे."

"शाळेची काळजी सोड," अर्चना त्याच्याशेजारी बसत म्हणाली. "पुण्यात तिचं ॲडमिशन मी गेल्या महिन्यातच घेतलंय. ते माय्याचं साहेबांच्या कानावर घालते, असं कुंदावहिनींनी कबूल केलं ना, त्याच दिवशी."