एक नंबरची पिशवी

या, जवळ सरकून बसा. टाळ मांडीवर राहू द्या, अभंग मागून घेऊ. आधी एक गोष्ट ऐका. शेवटी तुमच्याकडून एक नाव घेववणार आहे, तेवढं मात्र मनापासून घ्या.

"यंदा आमचं झाडांचं ठरलंय," जिच्याकडं देणगी मागितली होती, त्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. "बायकांचं गेल्या वर्षी झालं."

ताईंच्या हाताखाली काम करणाऱ्या गजालानं फोन आपटला. "ऐकलं का ताई? बायकांचं झालं म्हणे. जसं काही मार पडणं गेल्या वर्षीच बंद झालं."

राजनंदिनीताईंनी वर पाहिलं नाही. त्या कपाटातून पिशव्या काढत होत्या.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावर दोन खोल्या. घरात मार खाणाऱ्या, मरता मरता वाचलेल्या बायकांसाठी ताईंनी बारा वर्षांपूर्वी हे केंद्र काढलं. दोन वर्षं सरकारी अनुदान नाही. आज शेवटचा दिवस. संध्याकाळी जागेच्या मालकाला किल्ली द्यायची.

केंद्राची एक रीत होती. जिला घर सोडायचा धीर अजून होत नाही, तिनं एक पिशवी इथं आणून ठेवायची. दोन साड्या, कागदांच्या झेरॉक्स, एसटीच्या भाड्यापुरते पैसे, गोळ्या-औषधं. निघायची वेळ आली की घरून रिकाम्या हातानं निघायचं, भाजी आणायला निघाल्यासारखं. पिशवीवर नाव नाही, नुसता नंबर. नावांची वही ताईंच्या ड्रॉवरात, कुलपात.

दुसरी रीत बोलण्याची. बाई 'काही नाही' म्हणाली, तरी थांबायचं नाही. पुन्हा विचारायचं. पहिलं 'काही नाही' भीतीचं असतं, असं ताई प्रत्येकीला शिकवायच्या.

आता त्या पिशव्या ज्यांच्या त्यांना परत द्यायच्या होत्या. सोयगावच्या दगडाबाई पहिल्या गाडीनं आल्या. पिशवी घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"घरी कुठं नेऊ हिला? बघितली की इचारंल, कुठं निघालीस? मग मी काय सांगू?"

गजालानं पिशवी त्यांच्या हातातून घेतली. "माझ्या घरी ठेवते, मावशी. अम्मी गव्हाच्या कोठीत दडवील. कुणी बघणार नाय."

"व्हय? मंग पत्ता सांग. लिहू नको, दोनदा सांग. मी ध्यानात ठेवते."

दुपारपर्यंत अशा एकोणीस पिशव्या गजालाकडं जमा झाल्या. प्रत्येकीबरोबर तिचा संताप वाढत गेला.

"देणगी हवी तर अर्जाबरोबर यशोगाथा पाठवा म्हणे, फोटोसह," ती गाठी बांधता बांधता म्हणाली. "जिचं नाव आम्ही पिशवीवर घालत नाही, तिचा फोटो ह्यांना पाहिजे. आणि छापायचा कुठं, तर चकचकीत कागदावर."

"आवर गं," ताई म्हणाल्या. "सहा वाजायच्या आत संपवू."

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. नवरा, शिवराजभाऊ. तासातासाला यायचा त्यांचा फोन.

"हो, केंद्रातच आहे. गजाला आहे ना इथं. दाखवते." ताईंनी फोन खोलीभर फिरवला. गजालानं हात हलवला. पडद्यावर शिवराजभाऊंनीही हसून हलवला.

"किती काळजी करतात भाऊ," गजाला म्हणाली. "माझ्यावाल्यानं मी जगली का मेली, कधी विचारलं नव्हतं."

नऊ वर्षांपूर्वी गजाला रिकाम्या हातानं घरून निघून इथं आली, आपली चौदा नंबरची पिशवी उचलली, आणि इथलीच झाली. रोज सहाच्या ठोक्याला खाली भाऊंच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजे, आणि बोलता बोलता ताई उठत. एक दिवस चुकला नाही. असा माणूस मिळायला नशीब लागतं, असं गजाला अम्मीला कितीदा सांगायची.

सहाला पाच मिनिटं उरली, तेव्हा कपाटात एकच पिशवी होती. एक नंबर. तपकिरी रेक्झिनची, केंद्राइतकीच जुनी. ती बाई कधीच वारली असणार, असा सगळ्यांचा समज. गजाला दर जुम्म्याला तिच्यासाठी दुआ मागायची.

"हिचं काय करायचं, ताई? घरच्यांना कळवायचं का?"

"नको," ताई पटकन म्हणाल्या. मग हळू आवाजात, "ठेव तुझ्याकडंच. अम्मीला चालेल ना?"

"चालेल की." गजालानं त्यांच्याकडं पाहिलं. चेहरा उतरला होता. "ताई, काय झालं?"

"काही नाही."

गजालानं पिशवी बाकीच्यांत नेऊन ठेवली. ताईंना कसं पुन्हा विचारायचं? बारा वर्षांचं काम बुडालं, वाईट वाटणारच.

खाली हॉर्न वाजला, दोनदा.

ताईंनी ड्रॉवर उघडला आणि नावांची वही गजालाच्या हातात दिली. "ही पण घेऊन जा. मी गेल्यावर बघ." आणि जिना उतरल्या.

गजाला खिडकीत आली. शिवराजभाऊंनी गाडीचं दार उघडून धरलं होतं. वर बघून ते हसले. "आता आमच्या बाईसाहेब पूर्णवेळ घरीच."

"सांभाळा हो भाऊ त्यांना," गजाला म्हणाली.

गाडी हलली. एक नंबरच्या पिशवीची चेन रिक्षात उसवायला नको, म्हणून गजालानं ती उघडून बघितली. आतून धुतलेल्या साडीचा साबणाचा ताजा वास आला. गोळ्यांचं पाकीट बघितलं, तर मुदत पुढच्या वर्षापर्यंतची. मेलेल्या बाईच्या पिशवीत नव्या गोळ्या कोण ठेवील?

तिनं घाईनं वहीचं पहिलं पान काढलं, नाव वाचलं आणि पुन्हा खिडकीकडं धावली. गल्ली रिकामी होती.

मंडळी, ठरल्याप्रमाणं आता नाव घ्या. आज देवापुढं हात जोडाल, तेव्हा त्या एक नंबरच्या बाईची आठवण ठेवा. राजनंदिनीताईंची.