गार हवेची गाडी

“गार वाटतंय न्हवं?” उद्धवरावांनी तिसऱ्यांदा विचारले आणि खांद्यावरचे उपरणे थंडी वाजत असल्यासारखे अंगाभोवती लपेटून घेतले. त्यांच्या कपाळावरून निघालेला घामाचा ओघळ मिशीत शिरला. त्यांनी त्याची दखल घेतली नाही.

“गार? अहो, हुडहुडी भरायची तेवढी बाकी आहे,” दत्तोबा म्हणाले. त्यांच्या सदऱ्याची पाठ सीटला चिकटली होती.

“काल मंचरहून येताना तर मला सर्दी झाली बघा,” उद्धवराव म्हणाले.

दोघांच्या मध्ये दत्तोबांचा मुलगा ज्योतीराम बसला होता. पिंपरीला नव्याने निघालेल्या औषधांच्या कारखान्यात तो रसायनतज्ज्ञ होता, आणि चाकणचे कांद्याचे आडतदार उद्धवराव आपली मुलगी दाखवायला त्याला स्वतःच्या गाडीतून नेत होते. गाडी लांबलचक, अमेरिकन. मायदेशी परतलेल्या कुणा साहेबाकडून घेतलेली. तिच्या खिडकीला बाहेरच्या अंगाने पत्र्याचा एक लांबट डबा बसवला होता. हेच ते थंड हवेचे यंत्र. भर वैशाखात काचा लावून फिरणारी पंचक्रोशीत ही एकच गाडी होती, आणि पंचक्रोशीला याचा विसर पडू नये अशी उद्धवरावांची खटपट असे. मोशीच्या पारावर माणसे दिसताच ते ड्रायव्हरला म्हणाले, “भैरू, हळू घे जरा. बघू दे की लोकांना.”

डब्यातून येणारी हवा लोहाराच्या भात्याची वाटत होती.

ज्योतीरामला याचे कारण भोसरीच्या आधीच कळले होते. अशा डब्यात वाळ्याचा पडदा असतो. टाकीतले पाणी त्यावर झिरपते आणि बाहेरचा वारा त्या ओल्या वाळ्यातून आत येताना निवतो. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेऊन जाते, एवढाच त्यातला चमत्कार. पण भिजल्या वाळ्याचा वास लपत नाही, आणि गाडीत वास होता तो तापल्या पत्र्याचा आणि चार माणसांच्या घामाचा. म्हणजे टाकी कोरडी होती. कळशीभर पाण्याचे काम. सांगावे म्हणून त्याने तोंड उघडले.

दत्तोबांनी त्याच्या पायावर पाय दाबला. “तुझं शास्त्र आजच्या दिवस राहू दे,” ते त्याच्या कानाशी पुटपुटले.

दत्तोबांची धास्ती निराधार नव्हती. ज्योतीरामने यापूर्वी दोन मुली नाकारल्या होत्या. पहिलीने त्याच्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हटले, म्हणून. दुसरीच्या घरी चहात साखर घालायची राहून गेली होती. “चहा गोड झालाय ना?” त्याने तिला मुद्दाम विचारले. तिने घोट घेतला आणि ती म्हणाली, “हो.” जिभेवरची साक्ष जी खोटी ठरवते तिच्याबरोबर जन्म कसा काढायचा, असे त्याने घरी येऊन वडिलांना सुनावले होते.

उद्धवरावांची कुसुम तशी नव्हती. ती मॅट्रिक झाली होती. गावात अंगारा वाटणाऱ्या बुवाला तिने भर गर्दीत विचारले होते, “ही राख कुठल्या लाकडाची?” हे कानावर आल्यापासून ज्योतीराम हरखून गेला होता. ही मुलगी त्याला हवी होती. इतकी की तिच्या बापाच्या गाडीला आज नावे ठेवायची त्याची छाती होईना.

“पाव्हणं, तुमी काईच बोलंना,” उद्धवराव म्हणाले. “गार हाय न्हवं?”

ज्योतीरामने मान हलवली. ती उभी की आडवी, हे त्याने मुद्दाम अस्पष्ट ठेवले.

चाकणला पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झाले. मग दत्तोबा रीतीप्रमाणे म्हणाले, “मुली, तुलाही काही विचारायचं असेल तर विचार हो.” यावर मुलीने जाजमाकडे बघून नाही म्हणायचे असते. कुसुमने सरळ ज्योतीरामकडे पाहिले.

“येताना गाडीत गार वाटलं का?”

उद्धवरावांनी उपरणे सावरले. दत्तोबा खाकरले. ज्योतीरामच्या सदऱ्यावरचे घामाचे नकाशे अजून वाळले नव्हते. एकदा लग्न होऊ दे, मग जन्मभर खरे बोलता येईल, असा विचार त्याने केला. त्या विचारात त्याला कुठलीही चूक सापडली नाही.

“हो,” तो म्हणाला. “अगदी गार.”

“बरं,” म्हणून तिने बशा उचलल्या आणि ती आत गेली.

“पोरीला इचारून सांगावा धाडतो,” उद्धवराव अंगणात निरोप देताना म्हणाले. “आमच्याकडून म्हणाल तर ठरल्यातच जमा.” दत्तोबा आनंदाने गाडीत जाऊन बसले. त्यांच्या मागून चढताना ज्योतीरामने वळून पाहिले. परसदारातून कुसुम येत होती. तिच्या कमरेवर भरलेली कळशी होती.

“भैरूदादा, भर आता टाकी,” ती म्हणाली. “पाहुणे आणताना कोरडी ठेवायची आणि नेताना भरायची, दर वेळी सांगायला लागतं का?”

भैरूने कळशी घेतली आणि आवाज खाली आणून विचारले, “म्हंजी ह्ये बी न्हाईत, ताई?”

“ह्यांनाही गारच वाटलं.”