एक माणूस बाकी

म्हातारा अंगठा द्यायला तयार नव्हता. मोठे साहेब चौथ्यांदा खाणीमागच्या वस्तीत आले होते. त्यांचे बूट दगडाच्या धुळीने पांढरे झाले होते आणि म्हातारा खाटेवर बसून निवांत नखं कोरत होता.

"आजोबा, अहो फुकट आहे," साहेब म्हणाले. "कार्ड घेतलं की कुठलाही आजार असो, उपचार मोफत. अख्ख्या जिल्ह्यात तुम्ही एकटे उरलात."

"हो का," म्हातारा म्हणाला.

साहेबांच्या मनात आलं ते तोंडावर बोलण्यासारखं नव्हतं. सरकारी योजनेत जिल्ह्यातल्या प्रत्येकाकडे आरोग्याचं कार्ड हवं होतं. प्रत्येकाला औषध हवं, असं कुणी म्हटलं नव्हतं. या वस्तीला जवळचा दवाखाना दोन तासांवर, तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा, तेही उगवले तर. पण दवाखान्याची पाटी झकास रंगवली होती. चार वर्षांपूर्वीच्या मोजणीची यादी समोर ठेवून साहेबांनी एकेका नावावर खूण केली होती, आणि शेवटी एकच नाव राहिलं. पुढच्या महिन्यात मंत्र्यांच्या हस्ते गौरव, मागोमाग राजधानीतली खुर्ची. आणि या सगळ्याच्या आड हा धुळकट म्हातारा बसला होता.

पहिल्या खेपेला साहेबांनी वस्तीच्या तोंडाशी उभं राहून यादीतलं नाव पुकारलं, तेव्हा बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने हा पुढे आला आणि "मीच तो" म्हणाला. कानाने कमी असेल, असं साहेबांना वाटलं. कान चांगले तिखट होते, पण नावाने हाक मारली की ओ द्यायला वेळ लागायचा. अडाणी माणूस, साहेबांनी ठरवून टाकलं आणि तो विषय संपवला.

"आधी तुमचा डॉक्टर तर दाखवा," म्हातारा तेव्हा म्हणाला होता. "बघू कसा असतो."

दुसऱ्या खेपेला साहेब डॉक्टरबाईंना घेऊन आले.

"मला काही झालेलं नाही," म्हातारा म्हणाला. "माझ्या बहिणीला बघा. रात्रंदिवस खोकते."

बहिणीनंतर मेव्हणा निघाला. तिसऱ्या खेपेला दोन भावजया, एक चुलतभाऊ आणि त्याची सासू. साहेब गाडीत बसून चडफडत होते. एवढा गोतावळा एका माणसाला असतो तरी कसा?

डॉक्टरबाई एकेकाला तपासत होत्या, गोळ्या देत होत्या. सगळ्यांकडे कार्डं होती, कोरी करकरीत.

"कार्ड असून इतके दिवस दाखवलं नाहीत?" त्यांनी बहिणीला विचारलं होतं.

"दवाखान्यात गेले होते की, बाई. कार्ड बरोबर आहे म्हणाले. पुढच्या वर्षी या म्हणाले."

आज चौथ्या खेपेला म्हाताऱ्याने आत हाक मारली. आठ वर्षांची मुलगी बाहेर आली. चार पावलं चालली आणि धाप लागून खाली बसली. तिचे ओठ निळे पडले होते.

"नात," म्हातारा म्हणाला.

डॉक्टरबाईंनी बराच वेळ तिच्या छातीला नळी लावून ऐकलं. मग त्या साहेबांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "हृदयाला भोक आहे. ऑपरेशन लवकर झालं नाही तर पोर हातची जाईल. हिला तारीख मिळालीय. चौदा महिन्यांनंतरची."

"नियमाप्रमाणेच मिळाली असणार," साहेब म्हणाले.

म्हाताऱ्याने ते ऐकलं. "ती बरी होऊन घरी आली की अंगठा देतो. त्याआधी नाही."

"ही अडवणूक आहे!" साहेब ओरडले.

"असेल, साहेब. मी अडाणी माणूस."

साहेबांनी तीन फोन केले. चौदा महिने भरलेली खाट दोन दिवसांत रिकामी झाली. मुलगी साहेबांच्याच गाडीतून गेली, कारण रुग्णवाहिका उद्घाटनासाठी धुऊनपुसून ठेवली होती. मुलीची आई पाया पडायला आली, तेव्हा साहेब म्हणाले, "पाया कसल्या पडता, त्यांना अंगठा द्यायला सांगा."

ऑपरेशनच्या दिवशी म्हातारा रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून होता. दरवाजा उघडला की तो उठायचा, बंद झाला की बसायचा. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन हसून मान डोलावली, तेव्हा तो तोंडावर हात धरून लहान पोरासारखा रडला. साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे घरी कधी सोडणार?"

बाराव्या दिवशी सोडलं. गौरव दुसऱ्या दिवशी होता. साहेब अंगठ्याचं यंत्र आणि फोटोवाला घेऊन थेट वस्तीत आले. मुलगी दारात उभी होती, आपल्या पायांवर, आणि तिचे ओठ आता चांगले लाल होते. सगळी वस्ती अंगणात जमली होती.

म्हाताऱ्याने हात धुतले, पुसले आणि अंगठा टेकवला.

यंत्र वाजलं. साहेब हसतमुखाने पडद्यावर वाकले. पडद्यावर म्हाताऱ्याचाच फोटो होता, केस जरा काळे. खाली नाव मात्र भलतंच होतं. त्याखाली लिहिलं होतं: कार्ड तीन वर्षांपूर्वी दिलेले आहे.

साहेबांनी यंत्र पुसलं. पुन्हा अंगठा घेतला. पुन्हा तेच.

"तुमच्याकडे कार्ड आहे?"

"आहे की. पहिल्याच आठवड्यात काढलं."

"मग यादीतला तो माणूस कोण?" साहेबांचा आवाज चिरकला. "कुठे आहे तो?"

"तो हिचा आजोबा, साहेब," मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हातारा म्हणाला. "तुमच्या कार्डाच्या रांगेत तिसऱ्या दिवशी मेला."