लाल चेंडू

"देशासाठी लीगचे लाखो रुपये कोण सोडतं? पुढच्या लिलावात भाव वाढवायचा असेल तुझ्या मृदुलाताईला," काका चहात बिस्किट बुडवत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेले, तर आमच्या क्लबची मृदुलाताई, भारताची वेगवान गोलंदाज, नेटमध्ये एकटीच चेंडू टाकत होती. लाल चेंडू. लीगमध्ये तर पांढरा असतो.

"पुढच्या महिन्यात कसोटी आहे," ताई म्हणाली. "लीग खेळत बसले तर हात पांढऱ्यालाच सरावेल. चल, तू पॅड बांध."

चेंडू आला कधी ते दिसलंच नाही. मागे स्टंप मात्र आडवा. इतकी छान बाद मी आजवर झाले नव्हते.

घरी येऊन काकाला म्हटलं, "उद्या तू उभा राहा तिच्यासमोर. हेल्मेट माझं घाल."