पाण्यातलं ढेकूळ

थोरलीचं ढेकूळ पाण्यात टिकलं.

शाळेच्या वर्गात बाकांवर अकरा बरण्या मांडल्या होत्या, टेकडीच्या उतारावरच्या अकरा शेतांची एकेक. बरणीत पाणी, पाण्यात जाळी, जाळीवर ज्याच्या त्याच्या शेतातलं ढेकूळ. धरून राहिलं तर मातीत जीव आहे, विरघळलं तर ती पावसात वाहून जाणार, असं माती तपासणाऱ्या बाईंनी आधीच सांगितलं होतं. नऊ बरण्या बघता बघता गढूळ झाल्या. दोनच ढेकळं शाबूत राहिली, एक धाकट्या जावेचं आणि एक थोरलीचं.

धाकटीचं टिकणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तीन वर्षं ती उताराला आडवं नांगरत होती, बांधावर गवत लावत होती, पाचोळा न जाळता जमिनीवर पसरत होती. बाई आल्या की पहिल्या तिच्याच शेतात. सासूने जन्मात कुणाचं कौतुक केलं नव्हतं, तीसुद्धा परवा म्हणाली, "धाकटीच्या हाताला गुण आहे." तेव्हापासून थोरलीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. जमीन एकच, मधोमध वाटून घेतलेली. मग गुण तेवढा तिच्याच वाट्याला कसा गेला?

सकाळी तिने आपलं ढेकूळ घरी पेल्यात टाकून पाहिलं होतं. चहाला उकळी फुटायच्या आत त्याचा चिखल झाला. मग ती बांध ओलांडून गेली आणि धाकटीच्या शेतातलं एक ढेकूळ उचलून घेऊन आली. ऐनवेळी धीर सुटला तर असावं म्हणून आपलंही एक पिशवीत टाकलं. धीर सुटला नाही.

धाकटी दोन्ही बरण्यांकडे आळीपाळीने बघत होती. तिचा चेहरा उतरला होता. थोरलीला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

"म्हणजे आडवं नांगरा नाहीतर उभं, फरक शून्य," सुतार म्हणाला. त्याचं शेत, घर आणि लाकूडकामाचा कारखाना उताराच्या पायथ्याशी होता. "या वहिनींनी कधी काही केलं नाही, आणि माती बघा. मी तर उद्याच ट्रॅक्टर सांगतो. वरून खाली सरळ."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मेहनत वाचली म्हणून सगळे खुशीत होते. सर्वांनी मिळून आडवं नांगरायचं, असा कागद बाईंनी सह्यांसाठी आणला होता. तो त्यांनी हळूच वहीत सरकवला.

"असेल तसंच," धाकटी म्हणाली. "तीन वर्षं उगाच कंबर मोडून घेतली मी. जाऊबाई, गुण तुमच्याच हाताला आहे."

हेच ऐकायला थोरलीचे कान आसुसले होते. पण समोर सुतार हसत उभा होता. गेल्या पावसात तिच्या शेतातला चिखल त्याच्या कारखान्यात गुडघाभर शिरला होता. दोन दिवस तो फावड्याने उपसत होता, आणि तिला एका शब्दाने बोलला नव्हता. आता सगळाच उतार उभा नांगरला जाणार होता.

थोरलीने बरणीत हात घातला. निथळतं ढेकूळ बाहेर काढून धाकटीच्या हातावर ठेवलं.

"घे. तुझंच आहे. सकाळी उचललं मी."

मग पिशवीतलं आपलं ढेकूळ काढून तिने त्याच बरणीत टाकलं. ते जाळीपर्यंतही धड पोचलं नाही. बाईंनी वही उघडली.

धाकटी काहीतरी बोलणार होती, बहुधा गोडच काहीतरी. थोरलीने तिला बोलू दिलं नाही.

"उद्या आडवं नांगरायचं दाखवायला ये," ती तिच्या कानाशी म्हणाली. "पहाटे ये. सासूबाई उठायच्या आत."